तबकडीला हात

आमच्या लहानपणी घरात हात लावायला मनाई असलेल्या गोष्टी तीन होत्या. पारोशानं देव, अण्णांचा दाढीचा वस्तरा आणि अण्णांच्या रेकॉर्डी. पहिल्या दोन गुन्ह्यांना माफी होती. देवांना हात लावला तर आई देवांना पुन्हा आंघोळ घालत असे, म्हणजे शिक्षा देवांना. वस्तऱ्याला हात लावला तर बोट कापून शिक्षा जागच्या जागी मिळे. तिसऱ्या गुन्ह्याचा निवाडा मात्र अण्णा स्वतः करीत आणि त्यावर अपील नसे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा रात्री जेवताना आमच्या नातीनं आमटीच्या भुरक्याबरोबर एक वाक्य सोडलं.

"आबा, मला टर्नटेबल घ्यायचंय. स्क्रॅचिंगसाठी."

टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, आणि स्क्रॅच म्हणजे चरा, एवढं इंग्रजी मला येतं. किंबहुना चरा या विषयातला मी जाणकारच आहे. अडतीस वर्षं मी विमा कचेरीत वाहनांच्या नुकसानभरपाईचे अर्ज तपासले. चरा पडला म्हणून पैसे मागायला आलेली माणसं मी हजारांनी पाहिली. चरा पाडण्यासाठी पैसे मागणारं माणूस मी प्रथमच पाहत होतो, आणि ते माझ्याच ताटाशेजारी बसलं होतं.

"अगं, चरा पडू नये म्हणून आमची अख्खी पिढी जपून राहिली," मी म्हणालो.

"चरा नाही हो पाडायचा, आबा. रेकॉर्ड फिरत असताना हातानं धरायची आणि पुढं-मागं करायची. तालात." तिनं मोबाइलवर एक नमुना ऐकवला. विकी-विकी, फ्रिक-फ्रिक, खर्र-खट.

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "नारळ कोण खवतंय ग?"

आता मी लगेच 'काही नको' म्हणायला हवं होतं. घरातल्या कर्त्या पुरुषाला तेवढं एकच वाक्य म्हणायचा अधिकार उरलेला असतो. पण माझा उजवा हात नकळत डाव्या गालावर गेला आणि वाक्य तिथंच राहिलं. त्या गालाची एक हकिकत आहे.

अण्णांच्या रेकॉर्डी लावण्याचा एक विधी असे. रविवारी सकाळी आंघोळ झाली की धूतवस्त्र नेसून ते कपाट उघडत. खोक्यातून तबकडी काढताना तिच्या पृष्ठभागाला बोट लागत नसे. दोन्ही तळव्यांच्या मध्ये, फक्त कडांवर तोलून ती बाहेर येई. मग मलमलीच्या फडक्यानं पुसणं, मग पिन अलगद टेकवणं, मग खुर्चीत बसून डोळे मिटणं. नाट्यसंगीताची एक एल. पी. त्यांची विशेष लाडकी. तीत एका तानेच्या शेवटी गवयानं एक जागा घेतली होती. जागा म्हणजे काय हे गाणं ऐकणाऱ्याला सांगायला नको, आणि न ऐकणाऱ्याला सांगून उपयोग नाही. अण्णा म्हणत, "गवई घराण्यानं नव्हे, जागेनं ओळखावा." ती जागा आली की त्यांची मान अशी काही हले की आईला वाटे, आता पाठीची उसण भरणार.

१९६८ साली मी दहा वर्षांचा होतो. एका रविवारी अण्णा मंडईत गेले आणि मी कपाट उघडलं. तबकडी लावली. ती फिरताना पाहून माझ्या मनात एक शास्त्रीय प्रश्न आला: हिला धरलं तर काय होईल? मी बोट टेकवलं. गवयाचा आवाज म्हशीसारखा जाड झाला. उलटी ढकलली, तर बाहेर आलेली तान पुन्हा गवयाच्या तोंडात गेली! जगात इतकं गमतीचं दुसरं काही असेल असं मला वाटलं नाही. तिसऱ्या खेपेला यंत्राचा हात उडाला, खर्रकन आवाज आला आणि त्याच क्षणी दारात पिशवीतल्या पडवळासह अण्णा उभे राहिले.

माझ्या गालावरची पाच बोटं संध्याकाळपर्यंत गेली. तबकडीवरचा चरा अजून आहे. आणि तो नेमका त्या जागेवर पडला. तेव्हापासून तिथं आलं की पिन अडके. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. दर १.८ सेकंदांनी गवई तीच जागा घेई, पुन्हा घेई, पुन्हा घेई. अण्णा निमूट उठत, करंगळीनं यंत्राचा हात रेसभर पुढं सरकवत आणि परत येऊन बसत. मला कधीही एक शब्द बोलले नाहीत. १९८९ साली ते गेले तोवर, एकवीस वर्षं, ते असेच उठत राहिले. त्या थपडेचं मला काही वाटत नाही, पण ते उठणं मला अजून लागतं. ते गेल्यावर मी ती तबकडी लावलीच नाही.

ही हकिकत मी नातीला सांगितली. मला वाटलं, ती हळहळेल. ती टाळी वाजवून म्हणाली, "आबा, हे तर ग्रँडमास्टर फ्लॅशचंच झालं!"

हे नाव ऐकून मला कुणा बुद्धिबळपटूचा भास झाला. पण नाही. जोसेफ सॅडलर नावाचा हा मुलगा १९५८ साली बार्बाडोस बेटावर जन्मला. म्हणजे माझ्याच सालातला. वाढला न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात. त्याच्या वडिलांनाही रेकॉर्डींचा नाद होता आणि त्यांच्याही रेकॉर्डींना हात लावायला सक्त मनाई होती. पोरगं तरीही हात लावी आणि मार खाई, हे त्यानंच मोठेपणी सांगून ठेवलं आहे. इथवर आमची चरित्रं तंतोतंत जुळतात. पुढं जरा फरक पडतो. मार खाऊन मी सुधारलो आणि विमा कचेरीत चिकटलो. तो सुधारला नाही, आणि २०१९ साली त्याला स्वीडनचं पोलर संगीत पारितोषिक मिळालं. मुलांना वेळीच वळण लावल्यानं देशाचं किती नुकसान होतं पाहा.

पण गोष्ट त्याच्यापासून सुरू होत नाही. ती होते ११ ऑगस्ट १९७३ ला, ब्राँक्समधल्या १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीतल्या सामायिक खोलीत. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून तिथल्या एका मुलीनं तिकीट लावून नाचाचा कार्यक्रम ठेवला. मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. रेकॉर्डी लावायचं काम तिच्या अठरा वर्षांच्या भावाकडे. जमैकातून आलेला हा क्लाइव्ह कँपबेल पुढं कूल हर्क या नावानं प्रसिद्ध झाला. नाचणाऱ्यांकडे पाहता पाहता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गाण्यात मध्येच गाणारा थांबतो, इतर वाद्यं गप्प होतात आणि काही सेकंद नुसता ड्रम वाजतो. नाचणारे खरे त्या तुकड्यासाठी थांबलेले असतात. पंगतीत एखादा जसा सगळा स्वयंपाक बाजूला सारून जिलबी कधी येते तेवढंच बघत असतो, तसं. हर्कनं ठरवलं, नुसती जिलबीच वाढायची. एकाच रेकॉर्डीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावायच्या. हिच्यावरचा तुकडा संपला की तिच्यावरचा सुरू. तोवर हिची पिन मागं आणायची. दहा सेकंदांचा तुकडा मिनिटंच्या मिनिटं चालू लागला.

म्हणजे काय, तर आमच्या घरात जे एका चऱ्यानं झालं, तेच ह्यानं दोन यंत्रं आणि दोन प्रती घेऊन मुद्दाम केलं. आणि त्यानं जे शोधलं त्याला अण्णांच्या भाषेत एकच शब्द आहे: जागा.

हर्कची पिन मात्र अंदाजानं पडे. कधी तुकड्याच्या आधी, कधी नंतर. ताल सुटे. हे आमच्या फ्लॅशला खपेना. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यवसाय-शाळेत जाणारा पोरगा, घरातली विजेची यंत्रं उघडून बसणारा. त्यानं रेकॉर्डीवर मेणाच्या रंगीत खडूनं खूण केली, घड्याळाच्या काट्यासारखी. तुकडा कुठं सुरू होतो ते आता डोळ्यांना दिसू लागलं. मग इतके फेरे उलटे फिरवले की तुकड्याची सुरुवात हजर. पण उलटं फिरवायचं तर तबकडीला हात लावायला हवा, आणि तबकडीला हात लावणं हे त्या काळी तिथल्या जाणकारांतही पाप होतं. त्यानं ते पाप केलं.

आणि तिसरा, सगळ्यांत धाकटा, थिओडोर लिव्हिंग्स्टन. हा पुढं ग्रँड विझर्ड थिओडोर झाला. १९७५ च्या सुमाराचं हे, बारा वर्षांचा होता. खोलीत मोठ्यानं रेकॉर्ड लावून बसला असताना आई दारात येऊन ओरडू लागली, "आवाज कमी कर." जगातल्या सगळ्या आयांचं हे वाक्य एकच आहे, फक्त भाषा निराळ्या. आई बोलतेय म्हणून त्यानं फिरती तबकडी हातानं थोपवून धरली. आईचं बोलणं काही लवकर संपेना, तसा हात चुळबुळ करीत तबकडी पुढं-मागं करू लागला. कानाला हेडफोन होता. त्यात त्याला एक आवाज ऐकू आला: विकी-विकी. आई निघून गेली, आवाज राहिला. पुढं कितीतरी दिवस त्यानं तोच घोटला. माउलीनं दोन मिनिटं कमी रागावलं असतं तर स्क्रॅचिंगचा शोध दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर गेला असता.

एवढा इतिहास कळल्यावर नातीला नाही म्हणायचं मला धैर्य झालं नाही. शिवाय त्या मनाईचे परिणाम माझ्यावर काय झाले ते मी पाहतच होतो. तेव्हा आम्ही टर्नटेबल पाहायला निघालो.

पहिल्या दुकानात आमच्यापुढे एक सुबक पेटी ठेवण्यात आली. फिकट निळी, पितळी कड्यांची, पेटीतच लाउडस्पीकर, किंमत माफक. मला ती पाहताक्षणी आवडली. अण्णांचं यंत्र जवळजवळ असंच होतं. नातीनं काही न बोलता थाळीवर, म्हणजे जिच्यावर तबकडी ठेवतात त्या गोल पाटावर, एक बोट टेकवलं. थाळी थांबली. बोट काढलं. थाळी विचार करून, आळोखेपिळोखे देऊन, रविवारी दुपारी झोपेतून उठलेल्या माणसासारखी हळूहळू फिरू लागली.

"नको," नात म्हणाली.

मला कारण समजेना. ते घरी येऊन हिच्या शिवणयंत्रापाशी समजलं. पेटीतलं यंत्र पट्ट्यावर चालतं. मोटर एका बाजूला, थाळी दुसऱ्या बाजूला, मधे रबरी पट्टा. शिवणयंत्राचं वरचं चाक हातानं धरा आणि पायटा मारा, म्हणजे पट्टा कसा घसरतो ते पाहा. नुसतं ऐकायचं असेल तर पट्टा उत्तम, कारण मोटरची थरथर तो मधल्यामधे गिळून टाकतो. पण हाताशी झटापट आली की तो लवचिक बिचारा ताणतो, घसरतो आणि हात सोडल्यावर वेग धरायला वेळ लावतो. तोवर ताल पुढच्या गावी पोचलेला असतो.

यावर उपाय काढला ओसाकाजवळच्या मात्सुशिता कंपनीनं. नाव परकं वाटेल, पण 'नॅशनल पॅनासॉनिक'चा टू-इन-वन ज्यांच्या घरी आखातातल्या मेहुण्यानं आणला असेल, त्यांच्या दिवाणखान्यात ही कंपनी टीपॉयवरच्या क्रोशाच्या रुमालाखाली वर्षानुवर्षं राहिलेली आहे. तिथल्या शुइची ओबाता या इंजिनियरच्या गटानं पट्टाच काढून टाकला. थाळी थेट मोटरच्या आसावरच बसवली. १९७० साली 'टेक्निक्स' या नावानं त्यांचं असं पहिलं टर्नटेबल बाजारात आलं आणि १९७२ साली एसएल-१२००. हे म्हणजे जातं. जात्यात खुंटा आणि पाळी यांच्यामध्ये पट्टा नसतो. हात फिरतो तशी पाळी फिरते.

गंमत अशी की ओबातांनी हे यंत्र काही पोरांनी खरवडायला केलं नव्हतं. शांत बसून, डोळे मिटून, मान हलवत ऐकणाऱ्या सभ्य गृहस्थांसाठी केलं होतं. म्हणजे अण्णांसाठी. ते जाऊन पोचलं भलत्याच हातांत. १९७९ साली त्याची दुसरी आवृत्ती आली, तीत वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करायची सरकपट्टी बसवली, आणि मग डीजे मंडळींनी दुसरं यंत्र जवळजवळ पाहिलंच नाही. २०१० मध्ये कंपनीनं हे यंत्र बंद केलं, लोकांनी गळा काढला आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं.

तेव्हा पहिलं टर्नटेबल घेणाऱ्यानं काय बघावं, ते मी आता अनुभवी माणसाच्या थाटात सांगू शकतो. पहिलं, पट्टा नको, थेट मोटर हवी. दुसरं, मोटरची ओढ. त्या जुन्या एसएल-१२०० च्या १९७९ च्या आवृत्तीची सुरुवातीची ओढ दीड किलोग्रॅम-सेंटिमीटर. २०१४ साली आलेल्या पायोनियरच्या पीएलएक्स-१००० ची साडेचार. आकडे डोक्यात राहत नसतील तर नातीसारखं बोट टेकवून पाहावं. तिसरं, यंत्र वजनदार हवं. शेजारी लाउडस्पीकर दणाणत असताना हलकं यंत्र थरथरतं आणि पिन उडते. चौथं, पिनेचा हात. इंग्रजी एसच्या आकाराचा वाकडा हात ऐकण्याला चांगला, कारण तो खाचेशी कोन नीट राखतो. सरळ हात पुढं-मागं ओढाताणीत जास्त टिकून राहतो. पाचवं, पिनेचा भार. ऐकायला दीड-दोन ग्रॅम पुरतात, खरवडताना तीनच्या आसपास लागतात. आणि सहावं म्हणजे मधला मिक्सर. त्यावरच्या एका आडव्या सरकपट्टीनं, क्रॉसफेडरनं, आवाज क्षणात तोडायचा नि जोडायचा. एक हात तबकडीवर, दुसरा त्या पट्टीवर. चार बोटं एकामागून एक पट्टीवर मारण्याच्या एका प्रकाराला ते लोक 'क्रॅब' म्हणतात, म्हणजे खेकडा. मला तो पाहून तबल्यावरचं 'तिरकिट' आठवलं.

नव्या यंत्राची किंमत ऐकून मात्र माझंच तबक फिरलं. माझी पहिली स्कूटर, तिचा विमा आणि तिच्यावर पडलेले सगळे चरे धरूनही हिशेब जुळेना. शेवटी एका गृहस्थांनी घर बदलताना विकायला काढलेलं थेट मोटरीचं जुनं यंत्र मिळालं. त्यांनी ते फडक्यात गुंडाळून जपलं होतं. आम्ही ते कशासाठी नेतोय हे मी त्यांना सांगितलं नाही. मुलीला चांगल्या घरी दिलं एवढंच त्यांना वाटू दिलं.

एक वस्तू राहिली. तबकडी हातानं धरली तरी खालची थाळी फिरतच राहिली पाहिजे, म्हणजे हात सोडताच तबकडी क्षणात वेग घेते. त्यासाठी दोघींच्या मध्ये घसरणारी चकती लागते. फ्लॅशनं ती फेल्टची केली. फेल्ट म्हणजे पेटीच्या पट्ट्यांखाली लावतात तो. पण नुसता फेल्ट तबकडीबरोबर गोळा होई. त्याची आई शिवणकाम करणारी, तेव्हा कपडा कडक कसा करायचा हे घरातच ठाऊक. त्यानं फेल्टला खळ दिली आणि इस्त्री फिरवली.

'खळ' हा शब्द ऐकताच आमची ही बाहेर आली. गेला महिनाभर ह्या चर्चेत तिला स्थान नव्हतं. "तुम्ही व्हा बाजूला," म्हणाली. तिनं तांदळाची खळ केली, फेल्ट बुडवला, पिळला, सुकवला आणि साडीच्या निऱ्यांवर फिरवते तशी इस्त्री फिरवली. चकती पापडासारखी कडक झाली. ब्राँक्समधली ती शिवणकाम करणारी बाई आणि आमची ही, दोघींची भेट झाली असती तर पुष्कळ वेळ बोलत बसल्या असत्या.

आता सॅम्पलिंग. नातीला त्याच यंत्रावरून तेही करायचं होतं. म्हणजे जुन्या तबकडीतला एखादा तुकडा उचलून दुसऱ्या यंत्रात साठवायचा आणि त्यावर नवं गाणं रचायचं. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात सगळी मिळून दहाएक सेकंदच साठत. मग पोरं ३३ ची तबकडी ४५ च्या वेगानं फिरवून तुकडा भरत आणि नंतर पुन्हा संथ करीत. आवाजात जरा खरखर येई, पण जागा वाचे. ही विद्या मला फार जवळची वाटली. आमच्या चाळीतले लोक दोन खोल्यांत नऊ माणसं राहवीत, ती याच तत्त्वावर.

पण इथं माझ्यातला नुकसानभरपाईवाला जागा झाला. तुकडा उचलला तो कुणाचा? जेम्स ब्राउनच्या १९७० च्या 'फंकी ड्रमर' या रेकॉर्डीत क्लाइड स्टबलफील्डनं काही सेकंद एकट्यानं ड्रम वाजवला. ते सेकंद पुढं हजाराहून अधिक गाण्यांत शिरले. गाणं नावावर नसल्यानं त्याला त्याचं मानधन मिळालं नाही. २०१७ साली तो गेला. दूरचं कशाला, लता मंगेशकरांनी 'ज्योती' या १९८१ च्या चित्रपटात बप्पी लाहिरींकडे गायलेलं 'थोडा रेशम लगता है' हे गाणं २००२ साली ट्रूथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या 'ॲडिक्टिव्ह' या गाण्यात जसंच्या तसं वाजलं आणि तिकडच्या पहिल्या दहांत गेलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी सांगितलं, लाहिरींचं नाव घाला, नाहीतर विक्री बंद.

"ही चोरी नव्हे का?" मी नातीला विचारलं.

"अण्णापणजोबा सांगायचे ना, गवई एकमेकांच्या जागा उचलतात म्हणून?"

"उचलतात. पण गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात."

ती जरा गप्प राहिली. मग वहीत काहीतरी लिहिलं. नंतर पाहिलं तर तिनं एक यादी सुरू केली होती. तुकडा, रेकॉर्ड, वाजवणाऱ्याचं नाव. पहिली ओळ क्लाइड स्टबलफील्डची होती.

महिनाभर घरात विकी-विकी झालं. एका स्वस्तातल्या जुन्या तबकडीवर तिनं हात बसवला. मग एका रविवारी सकाळी माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, ती एल. पी. द्याल?"

कोणती, हे मी विचारलं नाही. कपाटापाशी गेलो, परत आलो, चष्मा विसरलो म्हणून पुन्हा गेलो. जगात आणखी एक चरा पडला तर काही बिघडत नव्हतं. पण तो त्या तबकडीवर, आणि पुन्हा माझ्यामुळे! शेवटी काढली. नात हात धुऊन, पुसून आली. तिनं खोक्यातून तबकडी काढली, दोन्ही तळव्यांच्या मध्ये, फक्त कडांवर तोलून. हे तिला मी शिकवलं नव्हतं.

गाणं सुरू झालं. तान चढत गेली. ती जागा आली आणि पिन अडकली. गवई पुन्हा ती जागा घेऊ लागला, पुन्हा, पुन्हा. मी खुर्चीतून कधी उठलो ते मला कळलं नाही. करंगळी पुढं करून यंत्राकडे निघालो होतो.

"आबा!" नात ओरडली. "हात लावू नका!"

मी जागच्या जागी थिजलो. घराण्याचा आवाज होता तो.

तिनं दुसऱ्या यंत्रावरचा, मैत्रिणीकडून आणलेल्या, ड्रमचा एक साधा ठेका हळूच वर आणला. दर १.८ सेकंदांनी येणारी जागा त्या ठेक्यावर येऊन बसू लागली. चार वेळा, आठ वेळा. सोळाव्या वेळी तिनं तबकडीवर बोटं टेकवली, एकदा मागं घेतली, एकदा पुढं, आणि अलगद चऱ्याच्या पलीकडे सोडून दिली. गवई पुढं गाऊ लागला.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "आज नारळ चांगला निघालाय वाटतं."

नातीनं माझ्याकडे पाहिलं. "काही बिघडलं का हो, आबा?"

मी खुर्चीत बसलो आणि डोळे मिटले. "नाही," मी म्हणालो. "मागं घे. ती जागा पुन्हा येऊ दे."